गणिताचा मास्तर नाही, मग आरक्षण कुणाच्या कामाचे?

ऑक्टोबर २०२४ मध्ये एक बातमी महाराष्ट्रात चार दिवस गाजली आणि मग विधानसभा निवडणुकीच्या धुरळ्यात दिसेनाशी झाली. राज्याच्या नव्या शालेय अभ्यासक्रम आराखड्यात दहावीच्या गणित आणि विज्ञानात ३५ ऐवजी २० गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्यालाही उत्तीर्ण करण्याची सोय सुचवली गेली होती. सोबत एक अट होती. अशा विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेवर शेरा मारला जाणार, की याला पुढे गणित-विज्ञानावर आधारलेल्या अभ्यासक्रमाला जाता येणार नाही.

लगेच दोन तट पडले. एका बाजूला गुणवत्तेची ओरड : दर्जा घसरेल, महाराष्ट्राचे हसे होईल. दुसऱ्या बाजूला सुटकेचा निःश्वास : चला, गोरगरिबांची पोरे निदान दहावी तरी पास होतील. आम्हाला दोन्ही बाजूंचे नवल वाटले. वीस की पस्तीस यावर तावातावाने बोलणाऱ्यांपैकी एकानेही विचारले नाही, की ही जी मुले वीस आणि पस्तीसच्या मध्ये अडकतात, त्यांना नववी-दहावीत गणित शिकवले कुणी? शिकवायला वर्गात कुणी होते का?

आणि हा शेरा! आमच्या समाजाला शेरा नवा नाही. पूर्वी तो जन्मावर मारला जात होता, याला अमुक शिकता येणार नाही, याने तमुक करू नये. आता तो गुणपत्रिकेवर मारायचा आणि वर त्याला सवलत म्हणायचे. ज्याने शिकवले नाही तो मोकळा आणि ज्याला शिकवले गेले नाही त्याच्या कपाळी शिक्का, अशी ही सवलत आहे.

आमच्या माहितीतली एक मुलगी आहे, मराठवाड्यातल्या एका गावची. आईबाप दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात, पोरगी आजीजवळ राहते. आठवीपर्यंत जिल्हा परिषदेची शाळा, पुढे चार किलोमीटरवरचे अनुदानित हायस्कूल. ती नववीत गेली त्या वर्षी तिथले गणिताचे सर निवृत्त झाले आणि जागा भरली गेली नाही. गणिताचे तास हिंदीच्या बाईंकडे आले. बाई प्रामाणिक. त्यांनी भूमितीचे पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून दाखवले. विज्ञानाचे प्रयोग मुलांनी मागच्या वर्षीच्या जर्नलवरून उतरवून काढले, कारण प्रयोगशाळेच्या खोलीत निवडणुकीचे सामान आणि तांदळाची पोती होती. मुलगी दहावीला गणितात ४१ गुण घेऊन पास झाली. तिला डी. फार्मसी करायची होती. त्यासाठी बारावी विज्ञान लागते. आम्ही तिला विचारले, "त्रिकोणमिती अवघड गेली का गं?" ती म्हणाली, "अवघड आहे का सोपी, काय सांगू? कुणी शिकवलीच नाही."

या मुलीच्या नावावर घटनेने काय काय राखून ठेवले आहे ते पाहा. आयआयटीत अनुसूचित जातीला १५ टक्के आणि अनुसूचित जमातीला साडेसात टक्के जागा, वैद्यकीय महाविद्यालयांत जागा, अभियांत्रिकीत जागा, शिष्यवृत्ती आणि वसतिगृह. बार्टी आहे. महाज्योती इतर मागास आणि भटक्या-विमुक्तांच्या मुलांना जेईई-नीटच्या तयारीसाठी टॅब देते. हे सगळे आमच्या चळवळीने लढून मिळवले आहे आणि त्यातली एक जागाही आम्ही सोडणार नाही. पण या सगळ्या वाटा अकरावी विज्ञानाच्या दारातून जातात, आणि ते दार आठवी-नववीच्या गणिताच्या तासाला उघडते किंवा कायमचे बंद होते. सरकार अकरावीच्या पोराच्या हातात टॅब देते, पण त्याच पोराला आठवीत समीकरण शिकवायला माणूस देत नाही. आमचा एक डोळा मंत्रालयातल्या राखीव जागांवर असतो आणि दुसरा संसदेवर. तालुक्याच्या हायस्कुलातली गणिताची रिकामी खुर्ची कुणालाच दिसत नाही.

ही खुर्ची रिकामी का राहते, हे नीट समजून घेतले पाहिजे. नुसते 'मनुवादी सरकार' म्हणून हात झटकले तर यंत्रणा कशी चालते ते कळणार नाही, आणि कळले नाही तर तिला धक्काही देता येणार नाही.

पहिली गोष्ट कायद्याची. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या अनुसूचीत सहावी ते आठवीसाठी विषयवार शिक्षक सांगितले आहेत. त्यात विज्ञान आणि गणित या दोन्हींना मिळून एक शिक्षक, सामाजिक शास्त्रांना एक आणि भाषांना एक. म्हणजे कायद्याने दिलेले किमान हेच आहे, की ज्याने वनस्पतिशास्त्रात बी.एस्सी. केले त्यानेच बीजगणितही शिकवायचे. एवढे किमानही टिकवणे जड झाले. मार्च २०२४ मध्ये राज्याने संचमान्यतेचे निकष बदलले, तेव्हा सहावी ते आठवीचा पट वीसच्या खाली असलेल्या शाळांत त्या वर्गांना शून्य शिक्षक मंजूर होण्याची वेळ आली आणि शिक्षक संघटनांना रस्त्यावर उतरावे लागले. वीसच्या खाली पट कुठे असतो? तांड्यावर, पाड्यावर, डोंगराच्या वाडीवर. पुण्याच्या कोथरूडमध्ये नाही.

त्याच वर्षी ५ सप्टेंबरला, म्हणजे सरकारी शिक्षकदिनी (आमचा शिक्षकदिन ३ जानेवारी, सावित्रीमाईंचा), कमी पटाच्या शाळांत महिना १५ हजार रुपये मानधनावर कंत्राटी शिक्षक नेमण्याचा निर्णय निघाला. फेब्रुवारी २०२५ मध्ये तो मागे घेतला गेला. त्याआधी २०२३ मध्ये निवृत्त शिक्षकांना २० हजारांवर परत बोलावण्याचा निर्णय होता. त्याच साली खासगी एजन्सीमार्फत पदे भरण्याचाही निर्णय झाला आणि ओरड झाल्यावर रद्द झाला. निर्णय काढायचा, ओरड झाली की मागे घ्यायचा, पुन्हा वेगळ्या नावाने आणायचा. या खेळात पोरांची दोन-दोन वर्षे जातात. आठवीचा वर्ग पुन्हा येत नाही.

आता भरतीकडे येऊ. मे २०१२ मध्ये पटपडताळणीचे निमित्त करून राज्याने शिक्षकभरती रोखली. मग पवित्र पोर्टल आले. त्यासाठी घ्यायची अभियोग्यता चाचणी २०१७, २०२३ आणि २०२५ अशी आठ वर्षांत तीनदा झाली. दोन चाचण्यांच्या मधल्या काळात बी.एड. झालेल्या पोरांची वये वाढली, लग्ने झाली, कुणी पतसंस्थेत लागले तर कुणी रिक्षा घेतली. या चाचणीत २०० प्रश्न असतात, १२० अभियोग्यतेचे आणि ८० बुद्धिमत्तेचे. विषयज्ञानाचा एकही नाही. पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, पहिली ते आठवीच्या शिक्षकांना आहे आणि तिच्या दुसऱ्या पेपरात गणित-विज्ञानाचे ६० गुण आहेत. नववी-दहावीच्या शिक्षकाला ती लागू नाही. म्हणजे दहावीला भूमिती शिकवणाऱ्या माणसाची निवड करताना त्याला भूमिती येते का, हे निवडीच्या कोणत्याच टप्प्यावर विचारले जात नाही. पदवी आहे, बी.एड. आहे, चाचणीत कोडी सुटली, झाला गणिताचा शिक्षक! टीईटीचीही काय अवस्था करून ठेवली ते आपण पाहिलेच. २०१९ च्या परीक्षेत पैसे घेऊन पास केलेले सात हजारांहून अधिक उमेदवार पुढे उघडे पडले आणि परीक्षा परिषदेच्या आयुक्तालाच अटक झाली. आता १ सप्टेंबर २०२५ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने सेवेतल्या शिक्षकांनाही ही परीक्षा बंधनकारक केली आहे. वीस वर्षे शिकवलेला प्रामाणिक मास्तर पुस्तके काढून बसला आहे. त्याच्याबद्दल आम्हाला सहानुभूती आहे. पण परीक्षेने रिकामी खुर्ची भरत नाही, हेही खरे आहे.

फेब्रुवारी २०२४ ची भरती उदाहरण म्हणून घ्या. एकूण २१,६७८ पदांची जाहिरात होती. त्यातली १६,७९९ पदे मुलाखतीविना भरायची होती. शिफारस झाली ११,०८५ उमेदवारांची. लाखो बेरोजगार रांगेत उभे असताना पाच हजारांहून अधिक जागांना पहिल्या फेरीत माणूस मिळाला नाही. हे कसे होते? जागा भरताना विषय, माध्यम आणि प्रवर्ग अशा तीन कुलपांना एकच किल्ली लागावी लागते. समजा गणित-विज्ञान, मराठी माध्यम, अनुसूचित जमाती. विज्ञानाची पदवी, बी.एड. आणि त्या प्रवर्गाचे जातवैधता प्रमाणपत्र घेऊन उभा असलेला माणूस नसेल, तर फाइलवर लिहिले जाते : योग्य उमेदवार उपलब्ध नाही.

हे वाक्य आम्ही किती वर्षे ऐकतो आहोत! विद्यापीठात ऐकले, बँकेत ऐकले, रेल्वेत ऐकले. तिथे ते बहुतेक वेळा खोटे होते, कारण उमेदवार दारात उभा असायचा. गणित-विज्ञानाच्या शिक्षकाबाबत मात्र ते काही ठिकाणी खरे असते, आणि म्हणूनच जास्त भयंकर आहे. आदिवासी पोरगा गणिताचा शिक्षक म्हणून मिळत नाही, कारण त्याच्या आश्रमशाळेत गणिताचा शिक्षक नव्हता, म्हणून तो विज्ञान शाखेला गेला नाही, म्हणून बी.एस्सी. झाला नाही, म्हणून आज ती जागा रिकामी आहे, म्हणून त्याच आश्रमशाळेतला आजचा पोरगाही विज्ञानाला जाणार नाही. हे जाते पिढ्यानपिढ्या फिरते आहे. आणि जात्यातून निघालेले पीठ दाखवून प्रस्थापित म्हणतात, बघा, यांना गणित येत नाही.

उरलेल्या जागा मुलाखतीसह, म्हणजे खासगी संस्थांच्या. तिथे काय चालते ते गावातले शेंबडे पोरही सांगेल. जागा अनुदानित असेल तर पगार सरकार देणार, आणि ती जागा मिळवून देण्याचा भाव संस्थाचालक ठरवणार. ज्याच्या बापाला जमीन विकता येते त्याला जागा. भूमिहीनाच्या पोराने काय विकायचे? २०२५ मध्ये नागपूर विभागात शालार्थ आयडीचा घोटाळा उघडकीला आला. बोगस शिक्षकांच्या नावाने सरकारी तिजोरीतून पगार निघत होते आणि शिक्षण खात्यातल्या अधिकाऱ्यांनाच अटक झाली. म्हणजे एकीकडे शाळेत मास्तर नाही आणि दुसरीकडे पगारपत्रकावर नसलेला मास्तर आहे.

पगाराचेही बोलले पाहिजे. २००० साली आणलेल्या शिक्षणसेवक योजनेत पहिली तीन वर्षे मानधनावर काढावी लागतात. माध्यमिक शाळेतल्या शिक्षणसेवकाला २०२३ उजाडेपर्यंत महिन्याला ८ हजार रुपये मिळत होते. आता १८ हजार मिळतात. त्याच्याच वर्गात बसून भौतिकशास्त्र घेऊन एम.एस्सी. झालेला मित्र लातूर-नांदेडच्या क्लासमध्ये नीटच्या बॅचेस घेतो आणि त्याची कमाई याच्या कित्येक पट असते. इतिहासाच्या किंवा मराठीच्या शिक्षकाला बाजारात एवढी मागणी नाही, म्हणून तो कमी मानधनातही टिकतो. गणित-विज्ञानाच्या पदवीधराला दुसऱ्या वाटा आहेत. तो डोंगरातल्या शाळेवर १८ हजारांत का जाईल? गेला तरी बदलीचा अर्ज घेऊनच जाईल. ज्या शाळेला चांगल्या शिक्षकाची गरज सगळ्यात जास्त, तिथेच तो सगळ्यात कमी दिवस थांबतो.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेले निवेदन आपल्यापैकी पुष्कळांनी वाचले असेल. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी सगळ्यांना आठवते, पण त्याच निवेदनात शिक्षक कसा असावा आणि त्याला काय द्यावे, याचाही हिशेब आहे. शिक्षक शक्यतो कष्टकरी शेतकरी वर्गातून घ्यावेत, त्यांना प्रशिक्षण द्यावे, जे गावकऱ्यांत मिसळतील आणि ज्यांना नांगराच्या मुठीला हात लावायची लाज वाटणार नाही. आणि प्रशिक्षित शिक्षकाचा पगार महिन्याला बारा रुपयांपेक्षा कमी नसावा, मोठ्या गावात तो पंधरा-वीस असावा. कुणाला भरती करायचे, कसे तयार करायचे आणि काय देऊन टिकवायचे, हे तिन्ही प्रश्न जोतीरावांनी एका दमात मांडले होते. आज १४० वर्षांनंतर सरकारकडे या तिन्हींचे उत्तर नाही.

जोतीरावांच्या कसोटीवर आदिवासी मुलांच्या शाळा लावून पाहा. केंद्र सरकारने २०२३ च्या अर्थसंकल्पात एकलव्य निवासी शाळांसाठी ३८,८०० शिक्षक आणि कर्मचारी भरण्याची घोषणा केली. भरती दिल्लीतून झाली, हिंदी येण्याची अट घालून. उत्तरेकडचे तरुण दक्षिणेतल्या आदिवासी भागांत नेमले गेले आणि लगेच बदल्या मागू लागले. त्यांचा तरी काय दोष? न पोरांची बोली कळते, न गावाची रीत. इकडे महाराष्ट्रात पाचशेच्या घरात शासकीय आश्रमशाळा आहेत. तिथे वर्षानुवर्षे तासिकेवर, रोजंदारीवर शिकवणारी माणसे होती. ती बहुतांश त्याच भागातली, पोरांची भाषा बोलणारी. २०२५ मध्ये आदिवासी विकास विभागाने १,७९१ शिक्षकपदे बाह्यस्रोतातून, म्हणजे ठेकेदारामार्फत, भरायचे ठरवले आणि या माणसांनी नाशिकच्या आदिवासी विकास भवनापुढे बिऱ्हाड मांडले. पावसात चुली पेटल्या. पोरांच्या भाषेत विज्ञान सांगू शकणाऱ्या माणसांना प्रशिक्षण देऊन कायम करण्याऐवजी ठेकेदाराच्या दारात पाठवण्याचा हा कारभार आहे.

बाबासाहेबांनी हे दुखणे फार आधी ओळखले होते. ऑक्टोबर १९४२ मध्ये, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे जे निवेदन सादर केले, त्यात स्पष्ट म्हटले की कला आणि कायद्याच्या शिक्षणाने या वर्गाचे फारसे भागणार नाही. विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण पाहिजे, आणि ते आपल्या लोकांच्या ऐपतीबाहेरचे आहे म्हणून त्याचा भार सरकारने उचलला पाहिजे. ज्याने स्वतः अर्थशास्त्र आणि कायद्यात शिखर गाठले, तो माणूस हे सांगतो आहे! त्यांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली आणि १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, ते कला आणि विज्ञान महाविद्यालय म्हणून.

आम्ही त्या वारशाचे काय केले? इथे थोडे आपल्याच घरात डोकावू. आंबेडकरी विचाराच्या लोकांनी जिल्ह्याजिल्ह्यांत शाळा-महाविद्यालये काढली. त्यातली किती नुसती कला शाखेवर चालतात? विज्ञान शाखेला प्रयोगशाळा लागते, खर्च येतो, शिक्षक मिळत नाही, म्हणून कला शाखा काढायची आणि फलकावर बाबासाहेबांचा फोटो लावायचा. आमच्या साहित्य संमेलनांना तोटा नाही, कवींना तोटा नाही, आणि त्याचा आम्हाला अभिमानच आहे. पण दहावीच्या वर्गाला सुट्टीत भूमिती शिकवण्याचे शिबिर घेणारी जयंती मंडळे हाताच्या बोटांवर मोजता येतील. डीजेचे बिल मात्र दरवर्षी वाढते. आणि आपला जो नोकरदार वर्ग आहे त्याची मुले सीबीएसईत गेली. त्यामुळे गावच्या हायस्कुलात गणिताचा शिक्षक आहे की नाही, हे आता त्याला माहीतच नसते.

हा प्रश्न आपल्याएवढाच कळीचा मानणारा एक माणूस अमेरिकेत होऊन गेला. ब्लॅक पँथरची आठवण आपण दलित पँथरच्या निमित्ताने ठेवतो, त्याच काळ्यांच्या चळवळीतला बॉब मोझेस. मूळचा गणिताचा मास्तर. साठच्या दशकात तो मिसिसिपी राज्यात गेला आणि जिवावर उदार होऊन काळ्या लोकांची नावे मतदारयादीत घालत राहिला. तिथे काळ्या माणसाला मत नाकारण्यासाठी साक्षरतेची चाचणी घेतली जात असे. शाळा धड द्यायची नाही आणि मग वाचता येत नाही म्हणून मत नाही! पुढे १९८२ मध्ये, आपल्या मुलीच्या शाळेत बीजगणित शिकवले जात नाही हे पाहून तो स्वतः तिच्या वर्गावर शिकवायला गेला आणि त्यातून त्याने 'अल्जिब्रा प्रोजेक्ट' उभा केला. त्याचे म्हणणे असे की, काल मताच्या हक्काला जी किंमत होती तीच आज बीजगणिताला आहे. ज्याला ते येत नाही तो नव्या अर्थव्यवस्थेत वेठबिगारच राहणार. म्हणून गणित शिकणे ही हुशार पोरांची चैन नव्हे, तो नागरी हक्क आहे आणि त्यासाठी मोर्चासारखे संघटन पाहिजे. २०२१ मध्ये वारला तोवर तो हेच करत होता.

त्याच देशात २००२ च्या कायद्याने रॉबर्ट नॉइस यांच्या नावाची शिष्यवृत्ती सुरू झाली. गणित-विज्ञान शिकणाऱ्या विद्यार्थ्याने शिक्षक होण्यासाठी ती घ्यायची आणि जितकी वर्षे पैसे घेतले त्याच्या दुप्पट वर्षे गरीब वस्तीतल्या, शिक्षक न टिकणाऱ्या शाळेत शिकवायचे. योजना सरळ आहे. आधी शिकायला पैसे, मग सेवेचे बंधन, आणि दोन्हींच्या मध्ये प्रशिक्षण. तिकडेही सगळे आलबेल नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्रम्प सरकारने शिक्षक-प्रशिक्षणाची ६० कोटी डॉलरची अनुदाने विषमतेविरुद्ध बोलता म्हणून रद्द केली. सत्ताधाऱ्यांना नेमके काय खुपते, ते यावरून कळावे.

पण अमेरिकेपर्यंत जायची तरी काय गरज? शिक्षक तयार कसा करायचा, याचे धडे आपल्या अंगणात आहेत. शेजारच्या मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ मध्ये सोळा शाळांत एक प्रयोग सुरू झाला. विद्यापीठांतले आणि संशोधन संस्थांतले शास्त्रज्ञ सुट्टीत येऊन खेड्यातल्या मास्तरांबरोबर बसले. मास्तरांनी आधी स्वतः बेडूक, भिंग, चुंबक हाताळले, प्रयोग केले, चुकले, भांडले आणि मग तेच वर्गात नेले. महिन्याला बैठक, अडलेल्या प्रश्नांवर चर्चा, शाळेत येऊन मदत. १९७८ मध्ये तो जिल्हाभर गेला आणि पुढे इतर जिल्ह्यांत. २००२ मध्ये सरकारने तो एका आदेशाने बंद केला. तीस वर्षांचे काम आणि सर्वसामान्य शिक्षक विज्ञान शिकवू शकतो याचा पुरावा फायलीत गेला.

दुसरे उदाहरण मुंबईचे, आणि ते आपल्या काळजाजवळचे आहे. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने ऐंशीच्या दशकाच्या आरंभी मुंबई महापालिकेच्या शाळांतल्या अनुसूचित जातींच्या मुलांबरोबर काम केले. आठवीपासून दहावीपर्यंत त्यांना आणि त्यांच्या शिक्षकांना आधार दिला. ही मुले मागे का पडतात, याचे एक मोठे कारण पुस्तकाच्या भाषेत सापडले. घरी जी मराठी बोलली जाते तिचा आणि विज्ञानाच्या पुस्तकातल्या संस्कृतप्रचुर मराठीचा मेळ नव्हता. भाषा सोपी केली, प्रयोग करू दिले, नियमित शिकवले, आणि मुलांची कामगिरी वर गेली. बुद्धी जन्मावर असते म्हणणाऱ्यांना यापेक्षा चोख उत्तर कोणते असेल? या कामाचे महाराष्ट्राने जिल्ह्याजिल्ह्यांत धोरण करायला हवे होते.

आमच्या मागण्या म्हणून सरळ आहेत. गणित-विज्ञानाची रिक्त पदे तालुकावार, शाळावार जाहीर करा. एकूण आकड्यात ती लपवू नका. नववी-दहावीच्या शिक्षकाच्या निवडीत विषयाची चाचणी घ्या. डोंगराळ आणि आदिवासी भागात गणित-विज्ञान शिकवणाऱ्याला शिक्षणसेवकाचे मानधन नको, पहिल्या दिवसापासून पूर्ण वेतन आणि राहायला घर द्या. आणि सर्वांत महत्त्वाचे, अनुसूचित जाती, जमाती, भटके-विमुक्त आणि इतर मागास समाजातल्या बारावी विज्ञान झालेल्या मुला-मुलींना बी.एस्सी.-बी.एड. चा सगळा खर्च आणि निर्वाहभत्ता द्या, आणि त्या बदल्यात त्यांच्याच तालुक्यातल्या शाळेत ठरावीक वर्षांची सेवा घ्या. बी.एड. २०१५ पासून दोन वर्षांचे झाले. बी.एस्सी. नंतर आणखी दोन वर्षे घरी बसवून शिकवण्याची ऐपत ऊसतोड मजुराची नसते, हे सरकारने लक्षात घ्यावे. 'योग्य उमेदवार उपलब्ध नाही' हे वाक्य पुसायचे असेल तर उमेदवार घडवावा लागेल. दहा वर्षे लागतील, लागू द्या.

सरकार ऐकेल तेव्हा ऐकेल. तोवर शाळा व्यवस्थापन समिती आपल्या हातात आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे आठवीपर्यंतच्या सरकारी आणि अनुदानित शाळांच्या या समितीत ७५ टक्के सदस्य पालक असतात, आणि दुर्बल घटकांच्या पालकांना त्यात प्रमाणात जागा असते. आपले किती कार्यकर्ते तिथे बसतात? बसले तर पोषण आहाराच्या तांदळापलीकडे काय विचारतात? येत्या बैठकीला एवढेच विचारा : आठवीला गणित कोण शिकवते, त्याची पदवी कशात आहे, तो आठवड्याला किती तास घेतो आणि प्रयोगशाळेची किल्ली कुणाकडे असते. उत्तर लेखी घ्या. हायस्कूलबाबत तेच माहितीच्या अधिकारात मागा.

आम्ही त्या मुलीच्या हायस्कुलात हे विचारून पाहिले. मुख्याध्यापक चांगले गृहस्थ आहेत, चहा पाजला. म्हणाले, "साहेब, जागा मंजूर आहे, मागणी कळवली आहे, रोस्टरला बिंदू अनुसूचित जमातीचा येतो, माणूस आला नाही." हिंदीच्या बाई शेजारच्या वर्गात वर्तुळाचे प्रमेय वाचून दाखवत होत्या. मुलगी अकरावी कला शाखेला आहे. तिची धाकटी बहीण यंदा आठवीत गेली.